तेहतीस फूट तेल

“तेहतीस फूट!” खासनीसांनी माइकवर रविवारच्या निर्णायक डावाचं तेल जाहीर केलं, आणि शेवटच्या फेरीतल्या आठही खेळाडूंचे चेहरे एकदम पडले.

आठही म्हणजे सातच. आठवा मी, आणि मी हसलो. सगळ्यांना दिसेल असं, मुद्दाम हसलो. तेहतीस फुटांचा मी दोन वर्षं अभ्यास केला होता.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. पुण्यात नगर रस्त्यावरच्या एका मॉलचा तिसरा मजला, एका बाजूला चित्रपटगृह, दुसऱ्या बाजूला मुलांच्या उड्या मारायच्या गाद्या, आणि मध्ये आमचं बोलिंग. क्रिकेटमधली बोलिंग नव्हे. साठ फूट लांब, लाकडी फळ्यांची गुळगुळीत लेन, दोन्ही कडांना गटर, टोकाला दहा पिना, हातात सहा-सात किलोचा बॉल. लोक तिथं वाढदिवसाला येतात, दोन डाव टाकतात, पिझ्झा खातात आणि घरी जातात. आमच्यासारखी काही माणसं मात्र घरी जाऊनही घरी जात नाहीत.

या खेळातलं खरं गुपित पिनांत नाही, तेलात आहे. लेनवर तेलाचा पातळ थर दिलेला असतो. तेल आहे तिथवर बॉल घसरत जातो. तेल संपलं की कोरड्यात पकड घेतो आणि वळतो. नेहमी हे तेल चाळीसेक फूट असतं. ते तेहतीस फुटांवरच संपवलं की बॉल अवेळी वळतो आणि पिनांना ओलांडून पलीकडे निघून जातो. त्यामुळे आखूड तेलावर बॉल निवडणं ही फार मोठी विद्या समजली जाते. निदान माझ्याकडून तरी समजली जायची.

माझ्याकडे नऊ बॉल होते. नियमाप्रमाणे स्पर्धेला सहाच नोंदवता येत, म्हणून तीन घरी पलंगाखाली. बाकीचे सहा चपलांच्या कपाटात राहायचे आणि चपला दाराबाहेर. माझी बायको वृंदा या सगळ्यांना “तुझी भावकी” म्हणायची. “भावकीला घेऊन जातोयस ना? मग गेलास की केर काढते तिथला.” त्या वर्षी आमचा घरात लेखी करार झाला होता. सलग पाच वर्षं मी राष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धा खेळत होतो आणि त्यांतली तीन वर्षं पाचवा आलो होतो. पहिले चार जण बँकॉकच्या आशियाई स्पर्धेला जातात. पाचव्याला हात मिळवून घरी पाठवतात. या सहाव्या वर्षी चौथा आलो नाही, तर भावकी घराबाहेर. मी सही केली होती. मी विमा कंपनीत दावे तपासायच्या विभागात होतो. सहीचा अर्थ मला चांगला कळत होता.

आणि शनिवारच्या फेऱ्या संपल्या तेव्हा मी अर्थातच पाचवा होतो.

पहिल्या तिघांची नावं गुणांवर पक्की झाली. चौथ्या जागेसाठी रविवारी सकाळी चौथ्या आणि पाचव्याचा एकच डाव होणार होता, आधीच जाहीर झालेल्या तेहतीस फुटांवर. चौथा होता बाबासो चौगुले, कोल्हापूरजवळच्या शिरोलीचा. तिथं त्याची छोटी फाउंड्री होती. बावन्न वर्षांचा, बांध्यानं दांडगा, अंगात शर्ट आणि शर्टाच्या खिशात पेन, पट्टी, काचपेपर असा सगळा कारखाना. बॉल दोनच. दोन्ही आकाशी रंगाचे, दोन्ही प्लास्टिकचे, कोल्हापुरातलं एक खेळाचं दुकान बंद पडलं तेव्हा घेतलेले.

प्लास्टिकचा बॉल आमच्यात कुणी पहिल्या फेकीला टाकत नाही. एखादी पिन उरली की ती सरळ जाऊन पाडायला तो असतो, कारण तो वळतच नाही. किंवा मग वाढदिवसाला आलेली मुलं तो टाकतात. व्यावसायिक खेळाडूनं पहिली फेक प्लास्टिकनं टाकणं म्हणजे लेंग्यावर लग्नाला जाणं. चौगुले खुशाल टाकायचा. आम्ही एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसायचो. तो चौथा आला होता, पण हसण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

त्या संध्याकाळी खाली फूड कोर्टमध्ये मी त्याला शेजारी बसवून घेतलं. शिकवायचा मोह मला कधीच आवरत नाही, आणि समोर प्रतिस्पर्धी असेल तर शिकवण्यात दहशत बसवायचीही सोय असते.

“हे बघा चौगुले,” मी वही उघडली. “तेलाची लांबी वजा एकतीस. तेहतीस वजा एकतीस किती?”

“दोन.”

“म्हणजे तेल संपेल तिथं बॉल कडेपासून दुसऱ्या फळीवर हवा. गटरच्या अगदी काठानं. त्यासाठी पृष्ठभाग कोणता हवा, आतला गाभा कोणता हवा, सगळं या तक्त्यात आहे. मी उद्या पहिला युरेथेनचा बॉल काढणार. नाही जमलं तर दुसरा. तोही नाही तर हा, तिसरा. अमेरिकेहून मागवलाय.”

“लई अभ्यास हाय तुमचा,” चौगुले मनापासून म्हणाला. वहीवरून त्यानं बोट फिरवलं. “आमच्यात येवढं कोन करनार? मी आपलं गोटा टायर बघतो.”

“म्हणजे?”

“कोरड्या रस्त्याला नव्या टायरचं काय काम? नवा टायर धरतोय जास्त. झिजून गुळगुळीत झाल्याला गोटा टायर असला की निवांत जातंय. पाऊसपानी असंल, चिखल असंल, तवा तुमचे टायर बरे.”

मी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. अडाण्याच्या बोलण्यात कधीकधी गोडवा असतो, असं माझ्या मनात आलं. हे मी लपवत नाही, असंच आलं.

मग त्यानं मोबाइलवर एक फोटो दाखवला. शिरोलीच्या चौकात फ्लेक्स लागला होता. वर चौगुलेचा हार घातलेला फोटो, खाली विमान, त्याखाली बँकॉकला रवाना झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, आणि त्याखाली शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे.

“अजून डाव व्हायचाय की!” मी म्हणालो.

“तर काय! मी म्हनलं थांबा जरा. ऐकत्यात व्हय? थोरल्यानं पासपोर्टबी काढून आनला. बावन्न वर्सं झाली, इमान कसलं, मी इमानतळाचं दारबी बघितलं न्हाई.” तो लाजत हसला. “जायला मिळालं तर लई बरं वाटंल बगा. मिळू दे न मिळू दे म्हनतोय खरं, पर मिळावंच वाटतंय.”

मला त्याची दया आली. उद्या आपण याला हरवणार, या खात्रीतून आलेली दया ती.

रविवारी अकराला डाव सुरू झाला. दहा फ्रेमचा एक डाव. प्रत्येक फ्रेममध्ये दोन फेकी, आणि पहिल्याच फेकीत दहाही पिना गेल्या तर स्ट्राइक; फ्रेममध्ये दहाही पडल्या की पुढच्या फेकीच्या पिना गुणांत जादा धरतात, स्ट्राइकला पुढच्या दोन फेकींच्या. पहिल्या फ्रेमला मी युरेथेन काढला, कपड्यानं पुसला, दुसऱ्या फळीवर नजर लावली आणि सोडला. बॉल कडेनं सुरेख गेला, तेल संपताच वळला, आणि इतका वळला, की पुढची पिन सोडून डावीकडच्या कोपऱ्यात घुसला. दोन्ही फेकी मिळून नऊ. दुसऱ्या फ्रेमला दुसरा युरेथेन. सात. तिसऱ्याला अमेरिकेहून मागवलेला. त्यानं सगळ्यांत मोठं वळण घेतलं, आणि उरलेल्या पिना मी कशाबशा पाडल्या. चौथ्याला चौथा बॉल. पुन्हा सात. चार फ्रेम, चार बॉल, चाळीस गुण. दर वेळी मी वही उघडत होतो आणि वहीत सगळं बरोबर होतं.

शेजारी चौगुले आपला आकाशी बॉल कडेनं सोडत होता. तो कोरड्यात पोचल्यावर जेमतेम खांदा वळवल्याइतका वळत होता आणि नेमका पुढच्या पिनेच्या बगलेत शिरत होता. मागे बसलेल्या प्रेक्षकांत आता कुणी हसत नव्हतं. प्रेक्षक चौदा होते, त्यातले सहा चित्रपट सुरू व्हायची वाट बघत होते.

चौथ्या फ्रेमनंतर मी बाकावर येऊन बसलो. गटरकडे बघत राहिलो. घरातून भावकी जाणार, याचं दुःख नव्हतं. सहा वर्षं ज्या गोष्टीसाठी मी बायकोच्या शिव्या, साहेबांचे मेमो आणि पाठीचा मणका एक केला, ती माझ्या डोळ्यांदेखत चालली होती आणि मला काही कळत नव्हतं. मला रडू यायच्या बेतात होतं.

चौगुले शेजारी आला. पाण्याची बाटली पुढं केली.

“उपासनीसाहेब, एक बोलू? बॅगंत प्लास्टिकचा हाय न्हवं तुमच्या?”

“तो उरलेल्या पिनांसाठी आहे.”

“आसूं दे की. त्याला काय कळतंय कशासाठी हाय ते? तोच टाका. अंगावर जोर देऊ नगा. कडंनं सोडा नि इसरून जावा.”

“तुम्ही मला का सांगताय?”

असा प्रश्न कुणी विचारेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. “आवो, येवढ्या लांबनं मी खेळायला आलोय. तुमी आसं गटरकडं बघत बसल्यावर मी कुनाबरोबर खेळू?”

मी प्लास्टिकचा बॉल काढला. आजूबाजूला कुणी ओळखीचं आहे का, ते आधी पाहिलं. मग पाचव्या फ्रेमला तो कडेनं सोडला.

स्ट्राइक. सहाव्याला पुन्हा स्ट्राइक. वहीतल्या तक्त्यात ज्याचं नावसुद्धा नव्हतं, तो बॉल कोरड्यात जाऊन शहाण्यासारखा वागत होता.

सातव्या फ्रेमला अंगठा अडकला. हा बॉल वर्षानुवर्षं बॅगेच्या तळाशी आदळून-आपटून घेत होता. अंगठ्याच्या भोकाच्या काठाचा एक टवका उडाला होता आणि तिथं चाकूसारखी धार आली होती. नऊ पिना पडल्या, पण अंगठ्याची साल निघाली. उरलेली पिन दात-ओठ खात पाडली आणि बाकावर बसून मी अंगठा तोंडात घातला.

“बगू,” चौगुले म्हणाला. त्यानं आधी अंगठा बघितला, मग बॉल. काठावरून बोट फिरवलं. भट्टीतून निघालेलं ओतीव लोखंड तीस वर्षं चाचपलेलं बोट ते. “ह्ये बगा, हितं धार हाय. आना हिकडं.”

आणि त्यानं शर्टाच्या खिशातून काचपेपर काढला.

इथं मला नीट सांगायला हवं. तो खाली वाकला, बॉल त्यानं मांडीवर घेतला, काचपेपराची घडी केली. या सगळ्याला सात-आठ सेकंद गेले असतील. त्या सात-आठ सेकंदांत मी काही बोललो नाही. चार-पाच हलके हात मारून त्यानं काठ गुळगुळीत केला, फुंकर मारली आणि बॉल माझ्या हातात ठेवला. “आता बगा. लोण्यावानी सुटंल.”

लोण्यावानीच सुटला. आठव्याला स्ट्राइक, नवव्याला स्ट्राइक, आणि दहाव्यात, जिथं स्ट्राइक गेला की तीन फेकी मिळतात, पहिल्या दोन्ही स्ट्राइक. सलग चार. माझ्या आयुष्यात तसा बॉल मी त्याआधी टाकला नव्हता आणि नंतरही नाही. दर स्ट्राइकला चौगुले टाळ्या वाजवत होता. “वाघ हाय गड्या!” असं एकदा ओरडलाही. शेवटच्या फेकीला नऊ पिना पडल्या. माझे एकूण एकशे अठ्ठ्याण्णव.

चौगुलेची शेवटची फ्रेम उरली होती. त्यानं शांतपणे बॉल टाकला, नेहमीसारखा. पाटीवर आकडा आला. दोनशे एक.

तीन पिना. मी पुन्हा पाचवा.

चौगुलेनं मला मिठी मारली. त्याच्या अंगाला लोखंडाचा वास येत होता. मग तो कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावू लागला आणि त्याचा आवाज चिरकला. “व्हय... व्हय, जिंकलो. आईला दे फोन.”

मी खासनीसांच्या टेबलाशी गेलो. खासनीस संघटनेचे सचिव, स्पर्धेचे संचालक आणि मुख्य पंच असे तिन्ही एकटेच होते, आणि तिघांचंही एकमेकांशी छान जुळायचं. त्यांच्यासमोर नियमांची पुस्तिका पडली होती.

मी तक्रार केली नाही. हे मी चौदा वर्षं प्रत्येकाला सांगत आलोय, आणि ते अक्षरशः खरं आहे. मी फक्त विचारलं.

“खासनीस, माहितीसाठी विचारतो. डाव चालू असताना बॉलला काचपेपर लावला तर काय होतं?”

“कलम चौदा,” खासनीस म्हणाले. “का?”

“सहज.”

“कुणी लावला?”

मी चौगुलेकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.

पाच मिनिटांत समिती बसली. समिती म्हणजे खासनीस आणि दोन सभासद, ज्यांचं काम खासनीसांच्या डाव्या आणि उजव्या बाजूला बसणं हे होतं. खासनीसांनी कलम मोठ्यांदा वाचलं: “डाव सुरू झाल्यानंतर जो खेळाडू कोणत्याही बॉलचा पृष्ठभाग घासून बदलेल, त्याचा तो डाव शून्य धरण्यात येईल.”

ज्यानं हे कलम लिहिलं त्या माणसाला एकच ठाऊक होतं, की माणूस लबाडी करतो ती स्वतःच्या बॉलला. प्रतिस्पर्ध्याची साल निघतेय म्हणून त्याचा बॉल कुणी घासून देईल, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसणार.

“कोणत्याही बॉलचा,” डावीकडचे सभासद म्हणाले.

“जो खेळाडू,” उजवीकडचे म्हणाले. “जो घासेल तो. टाकेल तो नव्हे.”

“पण भोकाचा काठ घासला ना?” खासनीस घुटमळले. त्यांना मनातून वाईट वाटत होतं, हे कबूल करायला हवं. “काठ म्हणजे पृष्ठभाग, की काठ म्हणजे भोक?”

हा मात्र माझ्या धंद्यातला प्रश्न होता. आणि धंद्यातला प्रश्न आला की माझी जीभ माझ्या आधी उठते.

“आमच्या कंपनीत असं एक प्रकरण होतं,” मी म्हणालो. “निव्वळ माहितीसाठी सांगतो. विहिरीच्या काठावरून म्हैस घसरली. काठ विहिरीत धरायचा की जमिनीत? जमिनीत धरला. विहीर सुरू होते ती आतून.”

“म्हणजे काठ पृष्ठभागात,” खासनीस म्हणाले.

“मी काहीच म्हणत नाही,” मी म्हणालो.

उजवीकडच्या सभासदांनी मध्येच आठवण करून दिली, की संघाचे चार ब्लेझर आधीच शिवून आलेत आणि त्यांतला एकही चौगुलेच्या अंगात जाणारा नाही. हा मुद्दा इतिवृत्तात घेऊ नये, असं ठरलं.

मग चौगुलेला बोलावलं. तो फोन हातात घेऊनच आला. पलीकडे अजून कुणीतरी बोलत होतं.

“चौगुले, तुम्ही डाव चालू असताना काचपेपर वापरला?”

“व्हय की. साहेबांचा अंगठा सोलत हुता.”

“उपासनींनी तुम्हाला घासायला सांगितलं होतं?”

“छ्या! त्यांनी कशाला? मीच म्हनलं, आना हिकडं.” तो माझ्याकडे बघून हसला. मी त्या प्रश्नात अडकू नये म्हणून हसला. “त्यांचा काय संबंध न्हाई.”

खासनीसांनी त्याला कलम वाचून दाखवलं. त्याच्यासाठी दुसऱ्यांदा वाचावं लागलं. तिसऱ्यांदा चौगुलेनंच पुस्तिका हातात घेतली, पट्टी काढून ओळीखाली धरली आणि ओठ हलवत वाचलं. वाचून झाल्यावर त्यानं पुस्तिका मिटून टेबलावर सरळ ठेवली.

“लिवलंय खरं,” तो म्हणाला. मग कानाला फोन लावला. “आई, जरा थांब. नंतर लावतो.”

निकाल लागला: उपासनी एकशे अठ्ठ्याण्णव, चौगुले शून्य. संघटनेच्या इतिहासातला सर्वांत मोठा विजय म्हणून तो आजही संकेतस्थळावर आहे.

मी वृंदाला फोन केला.

“जिंकलास?” तिनं विचारलं.

“हो. चौथा.”

“खरंच? किती झाले?”

“एकशे अठ्ठ्याण्णव.”

“आणि समोरच्याचे?”

“शून्य.”

ती म्हणाली, “समोर कुणी होतं ना, पण?”

बँकॉकला मी नववा आलो. साठ खेळाडूंत नववा. आमच्या संघटनेसाठी ती पर्वणी होती. परत आल्यावर माझा सत्कार झाला, वर्तमानपत्रात चौकट आली, आणि दुसऱ्या वर्षापासून मी शिबिरं घेऊ लागलो: आखूड तेल आणि बॉलची निवड. मुलं वह्या घेऊन बसतात. मी त्यांना गोटा टायरचं उदाहरण देतो. फार आवडतं त्यांना. सर, हे तुम्हाला सुचलं कसं, असं दर शिबिरात एक जण तरी विचारतो, आणि मी म्हणतो, अनुभव.

बँकॉकमध्ये काय झालं, ते मात्र मी शिबिरात सांगत नाही. पहिल्या दिवशी दुपारी तिथंही तेल जाहीर झालं. बत्तीस फूट. मी हसलो नाही. सरावाला गेलो, अंगात ब्लेझर, हातात प्लास्टिकचा बॉल, काठ गुळगुळीत. आणि तो बॉल वळेचना. लेन वेगळी, तेल वेगळं. सरळ जाऊन कोपऱ्यातल्या पिना तशाच उभ्या ठेवून येत होता. बाकीचे पाच काढले, तर ते नगर रस्त्यासारखेच पलीकडे पळाले. संध्याकाळी पाचला पहिली फेरी होती. साडेतीनला मी हॉटेलच्या खोलीत पलंगावर बसलो होतो, समोर सहा बॉल, आणि मला त्या क्षणी पृथ्वीतलावर एकच माणूस आठवत होता.

मी अर्धा तास फोन हातात धरून बसलो. मग लावला.

“कोन? उपासनीसाहेब! आवो, तिकडनं? थांबा थांबा, भट्टी चालू हाय, भायेर येतो.” मागचा घरघराट कमी झाला. “हां, बोला. पोचला न्हवं सुखरूप? इमान कसं वाटलं?”

मी विमानाचं सांगितलं. खिडकीजवळची जागा होती का, तेही त्यानं विचारलं. मग मी मुद्द्यावर आलो. तो एकदम गंभीर झाला.

“बोटाला तेल कसं लागतंय? पातळ का चिकाट?”

“चिकट आहे.”

“आन् लेन हातानं चाचपून बगितली का? गार हाय का?”

“गार आहे. एसी जोरात आहे.”

“मग प्लास्टिक न्हाई चालनार. तुमचा तो पयला हाय न्हवं, काळा, युरेथेन? तो काढा. त्याचं तोंड जरा मऊ करा. बारीक काचपेपर पान्यात बुडवून फिरवा, वरवर. आन् फेरीच्या आधीच करा बरं का. आधी चालतंय म्हनं.”

हे त्यानं मला टोमणा म्हणून म्हटलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मी अडचणीत येऊ नये, एवढीच काळजी होती.

“चौगुले,” मी म्हणालो.

“साहेब, एक इचारू? राग न्हाई न्हवं येनार?”

“विचारा.”

“त्या दिवशी मी घासताना तुमास्नी नियम म्हाईत हुता काय?”

ती पुस्तिका मी कादंबरीसारखी वाचत असे. वृंदा तिला माझी पोथी म्हणायची. कलम चौदा मला तोंडपाठ होतं, आणि त्यानं खिशातून काचपेपर काढला तेव्हा ते स्वल्पविरामासकट माझ्या डोळ्यांपुढं आलं होतं. त्या सात-आठ सेकंदांत मी ते पूर्ण वाचलं होतं. आपला अंगठा बरा होईल, आणि वेळ पडलीच तर हेही हाताशी राहील, असा हिशेब माझ्या मनात झालाही होता.

“नाही,” मी म्हणालो. “नंतर लक्षात आलं.”

“मग मिटलं!” त्यानं इतका मोठा सुस्कारा सोडला, की तो मला बँकॉकमध्ये ऐकू आला. “मी घरात सगळ्यास्नी त्येच सांगतोय. पोरं ऐकत न्हाईत. थोरला तर तुमच्या नावानं काय काय बोलतोय, इचारू नगा. मी म्हनलं, गप बस. त्यास्नी म्हाईत असतं, तर त्यांनी माझा हात धरला असता. शिकल्याला मानूस हाय त्यो.”

मी वही जवळ ओढली.

“बरं, येळ कमी हाय. लिवून घ्या आता,” चौगुले म्हणाला. “पयल्या दोन फेकी काठानं टाका, मग एक फळी आत या...”

आणि मी लिहून घेतलं.